आयबीडी कशामुळे होतो? कारणे आणि जोखीम यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतड्यांचा दाहक आजार, म्हणजे आयबीडी, झाल्याचे कळल्यावर माणूस मागे वळून पाहू लागतो. कुठे चुकले, काय खाल्ले, कोणते औषध घेतले, लहानपणी काय झाले होते. घरचेही तेच शोधत असतात, आणि बरेचदा शेवटी कुणीतरी कुणाला तरी दोष देते. पुढील प्रश्न याच शोधातून येतात. उत्तरे देताना जिथे पुरावा भक्कम आहे तिथे तसे म्हटले आहे, जिथे तो कच्चा आहे तिथेही तसेच. तुमच्या तब्येतीचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आयबीडी म्हणजे नेमका कोणता आजार?

आयबीडी हे एका आजाराचे नाव नाही. त्यात मुख्यतः दोन आजार येतात: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो. तो गुदाशयापासून सुरू होतो आणि वर सरकला तर सलग सरकतो, पण दाह आतड्याच्या सर्वात आतल्या अस्तरापुरताच राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची आवडती जागा. तो सलग नसतो, मध्ये निरोगी पट्टे सोडत जातो, आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. म्हणूनच क्रोन्समध्ये आतडे अरुंद होणे किंवा भगंदर होणे असे प्रकार दिसतात. काही जणांत दोन्हींमधला फरक ठरवता येत नाही.

कारणांच्या चर्चेत हा भेद महत्त्वाचा आहे, कारण एकच गोष्ट दोन्ही आजारांवर उलट परिणाम करू शकते. धूम्रपानाच्या प्रश्नात ते दिसेल.

आयबीएस आणि आयबीडी एकच का?

नाही. आयबीएसमध्ये, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये, पोट दुखते, जुलाब किंवा बद्धकोष्ठता होते, जगणे नकोसे होते, पण आतड्याला जखमा होत नाहीत. आयबीडीमध्ये खरोखर दाह असतो, व्रण पडतात, आणि तो दाह विष्ठेच्या तपासणीत, रक्तात, दुर्बिणीतून व बायोप्सीत दिसू शकतो.

मग हा आजार होतो कशामुळे?

एका कारणाने नाही. आज जे समजले आहे ते थोडक्यात असे: काही जणांच्या जनुकांत आजाराकडे झुकणारा कल असतो, त्यांच्या आतड्यातल्या जंतूंचा समतोल बिघडतो, आजूबाजूच्या परिस्थितीतील काही गोष्टी त्यात भर घालतात, आणि शेवटी प्रतिकारशक्ती आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंवरच तुटून पडते. चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एखाद्या रुग्णाकडे बोट दाखवून ‘याला अमुक एका गोष्टीने झाला’ असे सांगणे जवळजवळ कधीच शक्य नसते.

निरोगी आतड्यातही प्रतिकारशक्ती सतत कामात असते. आतड्याच्या अस्तरावर श्लेष्माचा थर असतो, त्याखाली एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींची एकच रांग, आणि त्यामागे प्रतिकारपेशी. अब्जावधी जंतू शेजारी असूनही या पेशी त्यांना सहन करतात. धोका आला की दाह सुरू होतो आणि धोका टळला की थांबतो. आयबीडीमध्ये हे थांबणेच हरवते, आग विझली तरी बंबाचा मारा चालूच राहावा तसे. टीएनएफ, इंटरल्युकिन 23 असे दाह वाढवणारे संदेशवाहक रेणू वाहत राहतात. आजची अनेक इंजेक्शने याच रेणूंना अडवतात, आणि ती काम करतात हाच या समजुतीचा एक मोठा आधार आहे.

हा ऑटोइम्युन आजार आहे ना?

बोलण्यात तसे म्हटले जाते आणि ते फारसे चुकीचे नाही. पण तंतोतंत सांगायचे तर येथे प्रतिकारशक्तीचा मुख्य रोख स्वतःच्या पेशींवर नसून आतड्यातल्या जंतूंवर असतो, आणि त्या लढाईत आतडे भाजून निघते. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून आयबीडी झाला’ असे समजून ती वाढवणारी चूर्णे आणि गोळ्या घेण्याला काही अर्थ नाही.

जंतूंचा यात किती हात आहे?

फार मोठा. प्रयोगशाळेत इंटरल्युकिन 10 हा दाह शमवणारा रेणू नसलेले उंदीर तयार केले गेले. नेहमीच्या वातावरणात त्यांना आतड्याचा दाह होतो. तेच उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले की दाह होत नाही. जनुकातला दोष तोच, जंतू नाहीत, तर आजारही नाही. माणसातही याला जुळणारे निरीक्षण आहे: क्रोन्सच्या रुग्णात शस्त्रक्रियेने विष्ठेचा मार्ग वळवला की पुढचा भाग अनेकदा शांत होतो, आणि मार्ग पुन्हा जोडला की दाह परततो.

रुग्णांच्या आतड्यात जंतूंची विविधता कमी झालेली आढळते. फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा आतड्याला उपकारक असणारा जंतू क्रोन्सच्या रुग्णांत बरेचदा घटलेला असतो. आता खरी अडचण अशी की दाहामुळे जंतू बदलतात आणि बदललेले जंतू दाह वाढवतात. आधी काय झाले हे सोडवणे सोपे नाही. त्यासाठी कॅनडातून सुरू झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात क्रोन्सच्या रुग्णांच्या निरोगी भावंडांवर आणि मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. पुढे ज्यांना क्रोन्स झाला त्यांच्यापैकी अनेकांत आतड्याचे अस्तर लक्षणांच्या बरेच आधीपासून जास्त पाझरते होते. म्हणजे लक्षणे दिसतात त्या दिवशी आजार सुरू होत नाही. त्याआधी काही वर्षे तो आत मूक असू शकतो. ‘त्या लग्नाच्या जेवणानंतरच सुरू झाले’ असे ज्यांना वाटते, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आजार एखाद्या संसर्गाने होतो का? माझ्यामुळे घरच्यांना लागेल का?

लागणार नाही. एका ताटात जेवल्याने, एकच संडास वापरल्याने, जवळीक केल्याने किंवा बाळाला कुशीत घेतल्याने आयबीडी पसरत नाही.

मात्र पोटाच्या गंभीर संसर्गानंतर, विशेषतः पुढच्या वर्षभरात, आयबीडीचे निदान होण्याची शक्यता काहीशी वाढलेली आढळते. संसर्ग हे मूळ कारण असेलच असे नाही. आधीपासून तयार असलेल्या आतड्यात तो ठिणगीचे काम करू शकतो, किंवा संसर्गामुळे तपासण्या झाल्याने लपलेला आजार सापडतो. आणखी एक गोष्ट डॉक्टर नेहमी तपासतात: आतड्याचा क्षयरोग. तो क्रोन्ससारखाच दिसू शकतो. क्षयरोग असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर ते घातक ठरते. त्यामुळे निदानाला वेळ लागत असेल तर त्यामागे बहुधा ही सावधगिरी असते.

हा आजार आनुवंशिक आहे का? माझ्या मुलांना होईल का?

हा प्रश्न विचारताना आईवडिलांचा आवाज कापतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

कल आनुवंशिक असतो, आजार जसाच्या तसा वारशाने येत नाही. आईवडिलांपैकी एकाला आयबीडी असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात पाचच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, कोलायटिसमध्ये ती क्रोन्सपेक्षा कमी. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांना आजार होत नाही. दोघांनाही आजार असेल तर मात्र धोका बराच वाढतो, शंभरात तीसच्या आसपास. दुसऱ्या बाजूने पाहिले तर बहुतांश रुग्णांच्या जवळच्या नात्यात कुणालाच हा आजार नसतो.

जनुकांचा वाटा किती, हे जुळ्यांच्या अभ्यासातून नीट कळते. एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखीच. तरीही एकाला क्रोन्स असताना दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे इतकेच आढळले आहे. कोलायटिसमध्ये ते आणखी कमी, शंभरात पंधराच्या आसपास. सगळे जनुकांवरच ठरत असते तर हा आकडा शंभर असता.

कोणती जनुके जबाबदार आहेत?

2001 मध्ये क्रोन्सशी निगडित पहिले जनुक सापडले, त्याचे नाव एनओडी2. ते सोळाव्या गुणसूत्रावर आहे आणि जंतूंच्या भिंतीचे तुकडे ओळखण्याचे काम करते. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी त्याची बदललेली प्रत आली तर क्रोन्सचा धोका कित्येक पटींनी वाढतो, पण अशा लोकांतही बहुसंख्यांना क्रोन्स होत नाही. शिवाय युरोपीय वंशात सापडणारे हे बदल जपान, चीन आणि कोरियातील रुग्णांत जवळजवळ दिसतच नाहीत. तिथे दुसरी जनुके पुढे येतात. त्यानंतर जनुकसंचात आयबीडीशी संबंधित दोनशेहून अधिक जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा बहुधा अगदी छोटा.

2024 मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी एकविसाव्या गुणसूत्रावरील, जनुके नसल्याने ओसाड समजल्या जाणाऱ्या एका पट्ट्याचे काम उलगडले. तो पट्टा ईटीएस2 या जनुकाला जोर देतो, आणि ते जनुक मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींना दाहाकडे ढकलते. मला हे संशोधन मोलाचे वाटते, कारण ‘हा भाग आजाराशी जोडलेला आहे’ यापलीकडे जाऊन ‘तो असे करतो’ हे त्यात दाखवता आले.

सहा वर्षांच्या आत सुरू होणारा आयबीडी ही वेगळी गोष्ट आहे. त्यातील काही बालकांत एकाच जनुकातला गंभीर दोष कारणीभूत असतो, उदाहरणार्थ इंटरल्युकिन 10 किंवा त्याच्या ग्राहीतला, म्हणजे तो रेणू पकडणाऱ्या पेशीवरील भागातला. अशा बाळांची जनुकीय तपासणी महत्त्वाची असते, कारण त्यावर उपचारच बदलू शकतात. प्रौढांत मात्र जनुकीय चाचणीने आजार होईल की नाही हे सांगता येत नाही. त्यासाठी पैसे खर्च करू नका.

धूम्रपानाने काय होते?

बदलता येण्याजोग्या सर्व गोष्टींत धूम्रपानाविषयीचा पुरावा सर्वात भक्कम आहे. क्रोन्समध्ये धूम्रपानाने आजार होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. आजार झाल्यावरही सिगारेट चालू ठेवली तर तो वारंवार उसळतो, औषधे वाढवावी लागतात, शस्त्रक्रियेची आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता वाढते. सोडल्यावर ही वाट बदलते. क्रोन्सच्या रुग्णाने धूम्रपान सोडणे हे औषधाइतकेच उपचाराचे काम आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

कोलायटिसमध्ये चित्र उलटे. 1982 मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांच्या लक्षात आले की कोलायटिसच्या रुग्णांत धूम्रपान करणारे आश्चर्य वाटण्याइतके कमी आहेत. पुढे ते अनेकदा सिद्ध झाले. धूम्रपान सोडलेल्यांना, विशेषतः सोडल्यानंतरच्या काही वर्षांत, कोलायटिसचा धोका जास्त दिसतो. यावरून कुणी ‘मग मी सिगारेट ओढतो’ असे म्हणू नये. फुप्फुस, हृदय आणि कर्करोगाचे नुकसान या छोट्या फायद्याच्या कितीतरी पट मोठे आहे, आणि कोणताही जबाबदार डॉक्टर कोलायटिससाठी सिगारेट सुचवत नाही. सोडल्यावर त्रास उसळला तर औषधे बदलता येतात.

खाण्यामुळे आजार होतो का? तिखट, तेलकट, मैदा?

तिखटाने आयबीडी होतो याला आधार नाही. आजार उसळलेला असताना तिखटाने त्रास वाढतो, ही वेगळी बाब. त्रास वाढवणारा पदार्थ आणि आजार घडवणारे कारण यांत नेहमी गल्लत होते, आणि त्या गल्लतीपायी रुग्ण एकेक पदार्थ सोडत अखेर कुपोषित होतात. मला याची खरी काळजी वाटते. वजन उतरत असताना पथ्य वाढवत जाणे धोक्याचे आहे.

एकूण आहाराची ठेवण मात्र महत्त्वाची दिसते. 21 देशांतील 1 लाख 16 हजारांहून अधिक प्रौढांवर केलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ, म्हणजे पाकीटबंद खाऊ, गोड शीतपेये, प्रक्रिया केलेले मांस, दिवसाला पाच किंवा अधिक वेळा खाणाऱ्यांत आयबीडीचा धोका, दिवसाला एकापेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे 80 टक्क्यांनी जास्त होता. मूळ धोका कमी असल्याने प्रत्यक्ष वाढ छोटीच, पण दिशा स्पष्ट आहे. संशयाची एक सुई पदार्थ एकजीव ठेवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या इमल्सिफायरांवर आहे. पॉलिसॉर्बेट 80 आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज उंदरांना दिल्यावर श्लेष्माचा थर पातळ होऊन जंतू अस्तराच्या जवळ सरकलेले दिसले. माणसांबाबत एवढ्या खात्रीने बोलता येत नाही. फळे-भाज्यांतून भरपूर तंतू मिळणाऱ्या स्त्रियांत क्रोन्सचे प्रमाण कमी आढळले आहे, कोलायटिसचे मात्र नाही.

आहाराचा संबंध खरा असावा याचे एक ठोस लक्षण बालरोग विभागात दिसते. क्रोन्स झालेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त ठरावीक द्रव पोषण दिले, बाकी काहीच नाही, तर बऱ्याच जणांचा दाह स्टेरॉइडविना आटोक्यात येतो. हे घरी स्वतःच्या मनाने करायचे काम नाही.

प्रतिजैविके आणि वेदनाशामक गोळ्यांनी धोका वाढतो का?

प्रतिजैविके, विशेषतः बालपणी आणि वारंवार घेतलेली, आयबीडीच्या वाढलेल्या धोक्याशी जोडलेली आढळतात. वयस्कांतही असा संबंध दिसतो. यात एक गुंता आहे: आजार आत सुरू असताना पोटाच्या तक्रारींसाठीच प्रतिजैविके दिली गेलेली असू शकतात. म्हणून बाळाला न्यूमोनिया झाला तेव्हा औषध दिले याबद्दल कोणत्याही आईने स्वतःला अपराधी समजू नये. ते औषध गरजेचे होते. साध्या सर्दीला प्रतिजैविक मागू नये, एवढाच यातला धडा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांचा महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस वापर करणाऱ्या स्त्रियांत आयबीडीचा धोका जास्त आढळला. ज्यांना आजार आहे त्यांच्यापैकी काहींमध्ये या गोळ्यांनी तो उसळतो. ताप किंवा अंगदुखीला पॅरासिटामॉल सहसा अधिक सुरक्षित पडते. हृदयासाठी रोज घेतलेली कमी मात्रेची अॅस्पिरिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

गर्भनिरोधक गोळ्यांचा संबंध आहे, पण छोटा. मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनवर एकेकाळी मोठा संशय होता. नंतरच्या एकत्रित अभ्यासांत तो टिकला नाही.

लसींमुळे होतो का?

नाही. 1990 च्या दशकात गोवराची लस आणि क्रोन्स यांचा संबंध असल्याचा दावा झाला होता. पुढच्या अभ्यासांत तो खोटा ठरला. हा दावा मांडणाऱ्यांपैकी अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 1998 मधला एमएमआर (गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित) लशीविषयीचा लेख ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर जिवंत विषाणूंच्या लसी टाळाव्या लागतात, पण इतर लसी अशा रुग्णांना उलट अधिक गरजेच्या असतात.

ताणामुळे झाला असे सगळे म्हणतात.

ताणामुळे आजार उसळू शकतो. मेंदू आणि आतडे नसा व संप्रेरकांनी जोडलेले आहेत, त्यामुळे यात गूढ काही नाही. पण ताण हेच मूळ कारण आहे असे सिद्ध झालेले नाही. ‘तू फार विचार करतोस म्हणून झालं’ हे वाक्य रुग्णाला दुहेरी जखम करते: आजार त्याचा, आणि दोषही त्याचाच. कृपया असे म्हणू नका. नैराश्य किंवा सततची चिंता असेल तर तिच्यावर उपचार घ्यावेत, आणि ते त्या माणसासाठी घ्यावेत.

कोणत्या वयात आणि कुणाला जास्त होतो?

बहुतेक निदाने 15 ते 35 या वयात होतात. पन्नाशीनंतर एक छोटी दुसरी लाट दिसते. स्त्री-पुरुषांत फार फरक नाही. अॅश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य व पूर्व युरोपातील, ज्यू समाजात प्रमाण पूर्वीपासून जास्त आहे.

पूर्वी हा आजार नव्हता, आता का वाढतोय?

पूर्वीही होता. सॅम्युएल विल्क्स यांनी 1859 मध्ये कोलायटिसचे वर्णन केले. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक डॅलझिएल यांनी 1913 मध्ये क्रोन्ससारखे रुग्ण नोंदवले, आणि 1932 मध्ये क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर यांच्या लेखानंतर आजाराला आजचे नाव मिळाले. पण वाढ खरी आहे. विसाव्या शतकात ती युरोप-अमेरिकेत झाली, आणि साधारण 1990 नंतर आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील वेगाने औद्योगिकीकरण होणाऱ्या देशांत दिसू लागली. जनुके दोन पिढ्यांत बदलत नाहीत. कमी प्रमाण असलेल्या देशांतून स्थलांतर केलेल्यांच्या परदेशात जन्मलेल्या मुलांत धोका नव्या देशाच्या पातळीकडे सरकतो. तेव्हा परिस्थितीच बदलली असली पाहिजे: आहार, प्रतिजैविके, शहरी राहणी, बालपणी जंतूंशी कमी झालेला संपर्क. यांतल्या कशाचा वाटा किती, हे अजून वेगळे काढता आलेले नाही. चांगल्या तपासण्यांमुळे निदानही वाढले आहे.

स्तनपान, अपेंडिक्स, ड जीवनसत्त्व?

स्तनपान मिळालेल्या मुलांत धोका थोडा कमी दिसतो, पण ज्या आईला पाजता आले नाही तिने यात स्वतःचा अपराध शोधू नये, फरक तेवढा मोठा नाही. तरुणपणी अपेंडिसायटिसमुळे अपेंडिक्स काढलेल्यांत कोलायटिस कमी आढळतो, मात्र त्यासाठी निरोगी अपेंडिक्स काढत नाहीत. रुग्णांत ड जीवनसत्त्व अनेकदा कमी असते; ती कमतरता भरून काढावी, पण त्याने आजार टळतो असे सांगता येत नाही.

घरात एकाला आहे. बाकीच्यांनी काय करावे?

लक्षणे नसताना सरसकट दुर्बीण तपासणीची गरज नाही. धूम्रपान नको, वेदनाशामके आणि प्रतिजैविके गरजेपुरतीच, ताजे अन्न जास्त. यांनी आजार टळेलच अशी हमी नाही, पण यांत तोटा काही नाही.

खरे लक्ष लक्षणांवर हवे. चार आठवड्यांहून अधिक काळ जुलाब, शौचातून रक्त किंवा आंव, रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई, कारण नसताना घटणारे वजन, न जाणारा रक्तक्षय, गुदद्वाराजवळ पुन्हा पुन्हा होणारे गळू. मुलांत कधी पोटाची तक्रार नसतेच, फक्त उंची वाढायची थांबते किंवा वयात येणे लांबते. यांतले काही दिसले तर रक्त येते म्हणजे मूळव्याधच असे गृहीत धरून मलम लावत बसू नका. घरात आयबीडी आहे हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा आणि विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी करावी का ते विचारा. आतड्यात दाह आहे की नाही याचा अंदाज देणारी ही साधी चाचणी आहे. ती बरीच वाढलेली आली, तर दुर्बीण तपासणी लांबवू नका.